फडावरची सेवालाल जयंती

जय सेवालाल!

१५ फेब्रुवारीला बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती असते. महाराजांचा जन्म १७३९ सालचा. वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला त्यांची समाधी आहे. पण फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा ऐन हंगाम. त्यामुळे ऊसतोडीला आलेल्या बंजारा बायांना ही जयंती तांड्यावर मिळत नाही. ती परगावी, कोप्यांवरच साजरी होते.

त्या दिवशी काम बंद ठेवलं, तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. म्हणून पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरून द्यायची. मग संध्याकाळी कोपीपुढची जागा झाडून पांढरा झेंडा लावायचा, विस्तवावर गोडाचा भोग द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून अरदास करायची.

या सगळ्याला पाणी लागतं. दमून आलेली बाई अंघोळीसाठी, स्वयंपाकासाठी लांबून हंडे आणते. तिच्या सणाचा अर्धा वेळ तिथंच जातो.

आमच्या गटानं यंदा ठरवलं आहे, की जयंतीच्या दुपारीच कोप्यांवरचे पिंप भरून ठेवायचे. संध्याकाळी त्यांनी बोलावलं, तर प्रसादाला जायचं, त्यांच्या पंगतीत बसायचं.

तुमच्या शिवारात कोप्या असतील, तर पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. आपला ऊस तोडणाऱ्या बायांचा सण आहे. पाण्याची सोय तेवढी आपण करू या.