टाके सुकल्यानंतर

पित्ताशय दुर्बिणीतून काढलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा टाके केव्हाच सुकले होते. चौथ्या आठवड्यात बेंबीजवळच्या छिद्राखाली तुरीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. ताप नाही, फारसा ठणका नाही. मग कातडी जांभळट झाली आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाण्यासारखा पू झिरपू लागला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पू थांबायचा नि परत यायचा. गाठीच्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये आलं, 'एएफबी पॉझिटिव्ह'. घरात रडारड झाली आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

एएफबी म्हणजे आम्लाने धुतलं तरी रंग न सोडणारा जंतू. टीबीचा जंतू तसाच, पण त्याचे शेकड्याहून अधिक भाऊबंद माती-पाण्यात राहतात; त्यांना एनटीएम म्हणतात. फॉर्च्युटम, केलोनी, ॲब्सेसस हे त्यातले. केलोनी १९०३मध्ये बर्लिनच्या मत्स्यालयातल्या कासवांत सापडला. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना हे भाऊबंद दाद देत नाहीत, आणि बाईंचा हा आजार घरात कुणालाही लागणार नव्हता. हे त्यांना आधी कुणी सांगायला हवं होतं!

या जंतूंचं घर पाणी. मेणचट आवरणामुळे क्लोरीन यांना सहज मारत नाही. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात ते टिकतात. पुण्याजवळच्या आपल्या वाकडमध्ये नळाचं, बोअरचं, टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. त्या पाण्याने अंघोळ करायला धडधाकट कातडीला भीती नाही. तेच पाणी शस्त्रक्रियेच्या साधनाला लागलं, की मात्र घात होतो.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतात पहिल्यांदा केली. पुढे २००१मध्ये अशा शस्त्रक्रियांनंतरच्या केलोनी संसर्गावर मुंबईहून निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत स्वतः उदवाडिया होते. ज्यांनी ही शस्त्रक्रिया आणली, त्यांनीच तिच्यातला धोकाही मांडला, याचं मला फार मोल वाटतं.

पाण्यातला जंतू साधनांपर्यंत पोचतो कसा? वाफेचा ताप न सोसणारी साधनं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवतात. एका रुग्णानंतर दुसरा लगेच असला, की वीस मिनिटांत बाहेर. तेवढ्यात निर्जंतुकीकरण होत नाही. मग रसायन धुवायला 'उकळून गार केलेलं' पाणी, ट्रेमध्ये, कधी सकाळपासूनचं उघडं. ब्राझीलमध्ये ग्लुटाराल्डिहाइडच्या २ टक्के द्रावणालाही न जुमानणाऱ्या याच कुळातल्या जंतूने दोन हजारांवर लोकांना गाठलं. पेडिक्युअर करणाऱ्यांनीही ऐकावं : २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सलूनच्या पाय बुडवायच्या टबांतून शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली. टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा मळ साचला होता. तिथे होता फॉर्च्युटम.

बाईंच्या गाठीचा पहिला तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत गेला होता. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर कसलं होणार? आपल्याकडे ती बाटली नातेवाइकांच्याच हातात देतात, म्हणून सांगतो : दोन बाटल्या मागा, एक फॉर्मालिनची, एक निर्जंतुक सलाईनची, आणि कल्चरच्या चिठ्ठीवर 'एनटीएम' लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला त्यांच्या यजमानांनी सलाईनची बाटली लॅबमध्ये नेली. पाचव्या दिवशी कल्चर उगवलं. टीबीच्या गोळ्या बंद करून आम्ही क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिन सुरू केलं.