‘काय खाल्लं?’ याच्या पुढचे प्रश्न



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी मला बोलावलं, कारण अम्मीच्या मधुमेहाची वही गेली सहा वर्षं मी सांभाळतो. औषध कुठलं घ्यावं हे मी सांगणार नाही. रिपोर्टवरचा आकडा कशाकशाने हलतो, तेवढंच बोलणार आहे.

आपल्या घरात शुगर वाढली की पहिला प्रश्न ठरलेला: “काय खाल्लं?” विचारणारा काळजीनेच विचारतो, पण ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो. मग माणूस लपवायला लागतो. तपासणीआधी चार दिवस भात बंद, आणि रिपोर्ट आला की बिर्याणी. उपाशीपोटीचा आकडा अशाने फसतो. एचबीए१सी सहसा फसत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींना किती साखर चिकटली हे ती चाचणी मोजते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास. बऱ्याच रुग्णांना डॉक्टर ७ च्या खाली राहायला सांगतात, वय झालेल्यांना थोडी सूट देतात. पण सरासरी ती सरासरीच. दुपारी ६० आणि रात्री २५० असे झोके घेणाऱ्याचीही ती देखणी दिसू शकते. शिवाय अंगात लोह कमी असेल, तर हा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. घरातल्या बायकांच्या बाबतीत हे विसरू नका, हिमोग्लोबिनही सोबत तपासून घ्या.

अम्मीच्या सकाळच्या आकड्यांनी मला चक्रावून सोडलं होतं. रात्री एक भाकरी, थोडी भाजी, आणि सकाळी उपाशीपोटी १७०. मग मी वहीत जेवणाची वेळ आणि झोपही लिहायला लागलो. तेव्हा दिसलं की सगळ्यांना वाढून, भांडी आवरून अम्मी जेवायची साडेदहाला, आणि लगेच आडवी व्हायची. नातवंड आजारी असेल, झोपमोड झाली असेल, तर सकाळचा आकडा आणखी वर. वही बघून डॉक्टरांनी समजावलं की पहाटे शरीराला जागं करणारी संप्रेरकं वाढतात, यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडतं, आणि टाइप-टू मधुमेहात तिला आवरायला इन्सुलिन कमी पडतं. अपुरी झोप, ताण, ताप, चिघळलेली जखम, यांनी इन्सुलिनचा असर आणखी घटतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड सुरू झालं, तर पथ्य तेच असूनही आकडा उडी मारतो. म्हणजे “काय खाल्लं?” एवढंच विचारून भागत नाही. किती वाजता खाल्लं, झोप झाली का, अंगात ताप आहे का, हेही विचारावं लागतं.

आमच्याकडे आता अम्मी साडेआठला जेवते, सगळ्यांच्या आधी. भांडी मी आणि भाऊ घासतो. जेवल्यावर ती पंधरा मिनिटं गच्चीवर चालते. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. सकाळचे आकडे १३० च्या आसपास आले, गोळी तीच होती. एका घरची वही हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. पण आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, ते बघा.

पैशाचंही बोललं पाहिजे. महिनाअखेरीला गोळी एक दिवसाआड घेणारे आपल्या ओळखीत आहेत. ते संकोचाने सांगत नाहीत, डॉक्टरांना वाटतं औषध पुरत नाही, आणि ते डोस वाढवतात. जनऔषधी केंद्रात नेहमीच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, एकदा चौकशी करा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोज एकाच जागी टोचलं तर तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही. व्हॉट्सॲपवरच्या काढ्यासाठी गोळी बंद करणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, माझंच बीपी वाढेल.

आता रमजान. दोन महिने राहिलेत, म्हणून हे आजच. १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेहींचा ‘एपिडायर’ हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. टाइप-टू असलेल्यांमध्ये साखर उतरून दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण रमजानमध्ये एरवीच्या सुमारे साडेसात पट निघालं. आपण वाढलेल्या साखरेला घाबरतो, पण उतरलेली साखर काही मिनिटांत माणसाला आडवं करते. घाम, थरथर, मग असंबद्ध बोलणं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि इन्सुलिन पोट रिकामं असलं तरी काम करतच राहतात. एकट्या मेटफॉर्मिनने हा धोका फार कमी असतो. म्हणून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा: रोजे धरता येतील का, आणि येत असतील तर डोस कसा बदलायचा? सकाळची गोळी आपल्याच मनाने सहरीला घ्यायची नाही. रोज्यात आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला, तर रोजा सोडायचा, मग इफ्तारला दहाच मिनिटं का उरली असेनात. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमाही सांगतात.

दादी ऐकत नाही, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षांत तिने रोजा सोडलेला नसतो. आजाऱ्याला सवलत आहे हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, पण ती घेणं तिला कमीपणाचं वाटतं. तिथे नातवाचं भाषण चालत नाही. मोहल्ल्यातल्या मौलानांना घरी बोलवा, डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हातात द्या, आणि आपण गप्प बसा.

मागच्या टेबलावर ग्लुकोमीटर आहे, प्रत्येकासाठी नवी सुई आहे. तुम्हीही तपासून घ्या. आपल्याकडे हा आजार तिशीतही गाठतो, बारीक अंगकाठीच्या माणसालाही. आकड्यासमोर शेवटचं किती वाजता खाल्लं ते लिहा. आधी तपासणी, मग चहा. साखर वेगळी ठेवली आहे.