पाणी आधी ओळखा, फिल्टर मग घ्या

यावल-फैजपूरकडे काय किंवा आणखी कुठे काय, फिल्टर विकणारे एक प्रयोग हमखास करून दाखवतात. दोन पेले मागतात. एकात आपल्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. लोखंडी सळ्या बुडवून वीज सोडली की आपला पेला बघता बघता तपकिरी होतो, त्यांचा मात्र नितळच. “ताई, हे पिता तुम्ही!” झालं, घरातल्यांच्या पोटात गोळा.

तो रंग घाणीचा नसतो. झिजणाऱ्या लोखंडाचा तो गंज. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, नसले की फारशी वाहत नाही. त्यांच्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही तपकिरी होईल.

फिल्टर घेऊच नका, असं मी म्हणत नाही. नदी-कालव्याचं पाणी पावसाळ्यात गाळ आणि जंतू घेऊन येतं. तिथे तुरटी फिरवावी, निवळलं की गाळावं, उकळावं. यूव्ही मशीनही चालेल, पण गढूळ पाण्यात ते कुचकामी. जंतू गाळाच्या आड लपतात.

बोअरचं दुखणं निराळं. भांड्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही, म्हणून आपण घाबरतो. पण केळीला दिलेल्या युरियातून झिरपणारं नायट्रेट दिसत नाही की चवीला लागत नाही. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. इथे मात्र आरओ कामाचं.

विक्रेत्याच्या खिशातलं टीडीएसचं पेन फक्त एकूण क्षार सांगतं. जंतू नाही, नायट्रेटही वेगळं नाही. टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल आणि नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत असतील, तर आरओची गरज नाही. दुसरा स्रोतच नसेल तर भारतीय मानक 2000 पर्यंत चालवून घेतं. शिवाय घरगुती आरओ बहुधा जेवढं पाणी देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं. भूजलाचा अतिउपसा होणाऱ्या आपल्या यावल तालुक्यात हे परवडणारं नाही. घेतलंच, तर मोरीत जाणारी नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी चालतं.

तेव्हा आधी नमुना तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, नाहीतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा गाठा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक हवी, आणि नमुना त्याच दिवशी पोचवा.