उसना ठेका

(हीरक महोत्सवानिमित्त यशवंतपूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेच्या पहिल्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज पासष्टीच्या पुढे गेली आहेत. महोत्सवात गौरवाची भाषणे पुष्कळ होतील आणि ती व्हावीतही. परंतु त्या पहिल्या तुकड्यांच्या वयाशी ज्याचा निकटचा संबंध आहे, अशा एका आजाराविषयी आणि त्याच्यासोबत नीट जगण्याच्या एका कलेविषयी येथे बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण काही रुग्णांचा हात कधीच थरथरत नाही. मेंदूच्या खोल भागातील एका काळसर पट्ट्यात डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या हळूहळू नष्ट होतात आणि ज्या हालचाली आपण विचार न करता करतो, त्याच अवघड होऊन बसतात. चालताना हात हलणे, चेहऱ्यावर हसू उमटणे, खुर्चीतून उठणे, यांपैकी काहीच आपसूक घडेनासे होते. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते, आवाज खाली जातो. पुष्कळांच्या बाबतीत या सर्वांच्या कितीतरी वर्षे आधी वास येणे कमी झालेले असते. यशवंतपूरच्या शेजारी चंदनाच्या साबणाचा कारखाना आहे. साऱ्यांना येणारा तो दरवळ घरातील एखाद्यालाच येईनासा झाला, तर त्याची नोंद घ्यावी. वास न येण्याची इतरही अनेक कारणे असतात, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे. निम्हान्ससारखी संस्था आपल्याच शहरात असताना आळस करण्याचे कारण नाही.

या आजारात घराची सर्वांत मोठी परीक्षा होते ती पाऊल अडते तेव्हा. चालता चालता आजोबा दाराच्या चौकटीत थबकतात. तळवे जमिनीला चिकटल्यासारखे होतात. घरातले म्हणतात, चला ना. ते म्हणतात, येतोय. आणि येत नाहीत. बरे, हेच आजोबा सकाळी जिना चढून गच्चीवर गेलेले असतात. जिना चढता येतो, मग स्वयंपाकघरापर्यंत का येता येत नाही, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे सोपे उत्तर म्हणजे हट्ट, आळस किंवा लक्ष वेधून घेण्याची हौस. ते उत्तर साफ चुकीचे आहे आणि रुग्णाला आजारापेक्षा ते अधिक बोचते.

मूळच्या पुण्याच्या असलेल्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत नेमकी हीच विसंगती पाहिली. सपाट जमिनीवर वॉकर घेऊन चालणारे काका जिना मात्र सहज उतरत होते. जिन्यात पुढची पायरी डोळ्यांना दिसते आणि तीच पावलाला पुढे बोलावते, हे ध्यानात घेऊन त्यांनी सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र अंथरले. काका त्यावरून वॉकरशिवाय चालू लागले. डेल्फ्ट येथील २०१५ च्या व्याख्यानात त्यांनी हा प्रयोग सांगितला, तो जगभर पाहिला गेला.

यातील मर्म असे, की आतून चालना देणारी यंत्रणा मंदावली, तरी बाहेरून मिळालेली खूण ओळखून चालण्याची वाट पुष्कळदा शिल्लक असते. ती खूण डोळ्यांना दिसणारी रेघ असेल, कानावर पडणारा ठेका असेल, किंवा मोठ्याने मोजलेले आकडे असतील. आतला ठेका हरवला तर बाहेरून उसना घ्यायचा. शिक्षकांना यात नवल वाटू नये. बारीक होत जाणारे अक्षर रेघांच्या कागदावर पुन्हा आकार धरते, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. आपण ते दुरेघी वहीत कधीपासून पाहत आलो आहोत. लेझमीच्या खळखळाटात एरवी रेंगाळणारे मूलही पाऊल बरोबर टाकते, ते याच न्यायाने.

ठेका उसना देण्याची सर्वांत समृद्ध कला म्हणजे नृत्य. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये तेथील पार्किन्सन्स गटासोबत रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. तो व्यायामाचा वर्ग नव्हता. शिकवणारे व्यावसायिक नर्तक होते आणि शिकणाऱ्यांना ते नृत्याचे विद्यार्थी मानत. आरंभ खुर्चीवर बसून होई, मग आधार धरून उभे राहून, आणि शेवटी ज्याला जमेल तो सभागृहभर चालत, फिरत असे. कथकची तालीम घेतलेले आणि पुढे जर्मनीत समकालीन नृत्य शिकलेले हृषीकेश पवार यांनी २०१० पासून पुण्यात असे वर्ग चालवले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्णांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा स्वमदत गट आधीपासून होता, हेही महत्त्वाचे. एकट्या घरात लाजणारा माणूस आपल्यासारख्याच दहा जणांत हात उचलतो.

आपल्या नृत्यपरंपरेत या कामासाठी लागणारे साहित्य तयारच आहे. कथकमध्ये बोल आधी तोंडाने म्हणायचे असतात. त्या पढंतीत आवाज मोठा करावा लागतो, मात्रा मनात धरावी लागते आणि समेवर पोहोचायचे आहे हे आधीच ठाऊक असते. पाऊल पडण्यापूर्वी पावलाची जागा ठरलेली असते. हस्तमुद्रांनी बोटे मोकळी होतात. अभिनयाने चेहऱ्याच्या आखडलेल्या स्नायूंना काम मिळते. बेंगळुरूत भरतनाट्यम् शिकवणाऱ्या घरांना तोटा नाही, तेव्हा तीनतालाच्या सोळा मात्रा नसतील तर आदितालाच्या आठ चालतील. गिरक्या मात्र सावधपणे. वळतानाच तोल जाण्याचा धोका अधिक असतो.

याचा उपयोग किती? टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा सव्वा तास नृत्य करणाऱ्या १६ रुग्णांची तुलना नृत्य न करणाऱ्या १६ रुग्णांशी केली, तेव्हा तीन वर्षांत नृत्य करणाऱ्यांची हालचालींची लक्षणे पुष्कळ कमी वेगाने वाढल्याचे दिसले. गट लहान होता आणि नृत्याकडे मुळात उत्साही माणसेच वळतात, हे विसरून चालणार नाही. नृत्य पेशी परत आणत नाही. लिव्होडोपाची गोळी त्याने सुटत नाही. उलट गोळीचा अंमल चांगला असेल ती वेळ पाहूनच वर्ग ठेवावा लागतो. नृत्याने आजार बरा होतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

घरच्यांनी काय करावे? अडलेल्या माणसाचा हात ओढू नये, त्याने तो पडण्याची भीती असते. घाई करू नये. त्याला थांबू द्यावे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेऊ द्यावा आणि शेजारी उभे राहून एक, दोन, एक, दोन असे मोजावे. पुढे आपले पाऊल आडवे ठेवून ते ओलांडायला सांगितले, तरी पुष्कळांना साधते. हे काम नातवंडे मोठ्यांपेक्षा उत्तम करतात. त्यांना त्यात खेळ दिसतो आणि आजोबांना शरम वाटत नाही.

शाळेचे सभागृह शनिवारी दुपारी रिकामे असते. माजी विद्यार्थिनींपैकी कथक किंवा भरतनाट्यम् शिकलेल्या कोणी पुढे आल्या, तर महिन्यातून दोन वर्ग सहज चालतील. कन्नडभाषक शेजाऱ्यांनाही त्यात सामावून घेता येईल. येणाऱ्याने डॉक्टरांचा सल्ला घेऊन यावे आणि घरातले एक माणूस सोबत आणावे. त्या माणसानेही कडेला न बसता नाचायचे आहे. फरशी कोरडी हवी, पायांत न घसरणारी पादत्राणे हवीत. खुर्च्या भक्कम, हात असलेल्या लागतील. चाकांच्या खुर्च्या मात्र कार्यालयातच राहू द्याव्यात.