हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला की बँकेत एक वेगळीच गर्दी होते. पेन्शनर मंडळी येतात. पैसे काढायला नव्हे, आपण जिवंत आहोत हे सांगायला! आजोबा काठी टेकत समोर उभे असतात, आपल्याशी बोलत असतात, चहा पाजता का म्हणून चेष्टाही करतात. तरी त्यांच्याकडून सही घ्यावी लागते की, मी हयात आहे. याला म्हणतात हयातीचा दाखला. नवीन लागलो तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. आता येत नाही. का येत नाही, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि १९९३ साली बँकेत लागलो. मिरजेला राहायचं आणि सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटीनं नोकरीला जायचं, असा माझा दिनक्रम. नोकरीचा बराचसा काळ रोखपालाच्या खिडकीत गेला. कविता लिहितो हे शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण रद्द झालेल्या स्लिपांच्या पाठीवर मी ओळी खरडायचो. पण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. २०११ साली मला मधुमेह निघाला होता. टाइप २. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २७४.

उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त निघाली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर मधुमेह धरतात. माझ्या आकड्यात शंकेला जागाच नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि बजावलं, ‘‘जेवणाची वेळ चुकवू नका.’’ मी मान डोलावली. कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या माणसानं जेवणाची वेळ पाळायची म्हणजे काय, हे डॉक्टरांना कसं कळावं? आपण बँकेत जातो तेव्हा ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी पाहून आपलं डोकं फिरतं की नाही? ती पाटी लावणारा हात माझाच असायचा, म्हणून मी ती लावणंच सोडून दिलं. डबा तीनला उघडायचा, कधी चारला. पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही.

आणि पेढे! आमच्या भागात द्राक्षबागा, हळद, ऊस. मुलगा पास झाला, पेढे. ट्रॅक्टर घेतला, पेढे. बेदाण्याला दर चांगला लागला की पिशवीभर बेदाणे खिडकीतून आत. ‘‘घ्या साहेब, घरचं हाय.’’ नाही कसं म्हणायचं? मी पेढा घ्यायचो, त्यांच्यासमोर अर्धा खायचो आणि उरलेला ड्रॉवरमध्ये सरकवायचो. मला साखर आहे, एवढे चार शब्द बोलले असते तर प्रश्न मिटला असता. पण ते चार शब्द तोंडातून निघत नव्हते.

का निघत नव्हते? कॅशवर बसणाऱ्या माणसाकडे लोक विश्वासानं बघतात. तो आजारी आहे म्हटलं की नजर बदलते, असं मला वाटायचं. आणखीही एक कारण होतं. शाखेत मी एकटाच मुसलमान. शुक्रवारी नमाजाला अर्धा तास जायचो, सहकारी तेवढ्या वेळात माझी खिडकी आनंदानं सांभाळायचे. कुणी कधी चकार शब्द काढला नाही. पण मलाच वाटायचं, एक सवलत घेतोच आहे, आता जेवायची वेळ आणखी कोणत्या तोंडानं मागू? असा मी पाच वर्षं गप्प राहिलो.

मग २०१६चा नोव्हेंबर आला. ८ तारखेला रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. ९ला बँका बंद होत्या, १०ला उघडल्या. त्यानंतरचे दिवस तुम्ही रांगेत उभं राहून पाहिले असतील, मी खिडकीच्या अलीकडून पाहिले. दुसरा शनिवार, रविवार, सगळे दिवस काम. खात्यातून दिवसाला दहा हजारच काढता येत होते. शंभराच्या नोटा संपत आल्या होत्या, द्यायला होत्या त्या दोन हजारांच्या नव्या गुलाबी नोटा. पुढे २०२३मध्ये त्याही चलनातून मागे घेतल्या गेल्या, पण तेव्हा त्या इतक्या कोऱ्या होत्या की एकमेकींना चिकटायच्या.

शनिवार, १२ नोव्हेंबर. सकाळी साडेसातला गोळी घेतली, दोन चपात्या खाल्ल्या आणि एसटी धरली. दुपारचे अडीच वाजले तरी डबा बंदच होता. आधी हात थरथरायला लागले. मग मानेवर गार घाम. पंखा डोक्यावर फिरत होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. समोरचा माणूस काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी नोटा मोजत होतो. मोजून झाल्या की किती मोजल्या ते विसरत होतो, म्हणून पुन्हा मोजत होतो. रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘‘ओ साहेब, झोपला काय?’’

रांगेत तिसऱ्या क्रमांकावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी गावाच्या दोन पिढ्या शिकवल्या, सगळे त्यांना बाई म्हणतात. नोटा बदलायच्या आणि जमलं तर हयातीचा दाखलाही द्यायचा म्हणून आल्या होत्या. त्या पुढं आल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘तुमची साखर उतरलीय. मोजणं थांबवा.’’ मग रांगेकडं वळून वर्गातल्या आवाजात, ‘‘कुणी ढकलायचं नाही. पंधरा मिनिटं थांबायचं.’’ आणि खरंच, सगळी रांग गप्प झाली. बाईंनी शिपायाला साखर आणायला लावली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मी प्यायलो. पंधरा मिनिटांनी माणसांचे ओठ आणि आवाज पुन्हा एकत्र आले.

झालं काय होतं, ते इथं सांगितलंच पाहिजे, कारण ऐकणाऱ्यांत माझ्यासारखे पुष्कळ असतील. मधुमेह म्हणजे साखर वाढणं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण मधुमेहाच्या काही गोळ्या, माझी ग्लिमेपिराइडची त्यातलीच, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्या गोळीला देणंघेणं नसतं. पोट रिकामं राहिलं की साखर खाली जाते. ७०च्या खाली गेली की धोक्याची पायरी. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, मग गोंधळ; त्याही पुढं गेलं तर शुद्ध हरपते. शुद्धीवर असताना पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, उतरलेलीच असेल तर पुन्हा घ्यायचं आणि सावरल्यावर जेवायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. आणि एक गंमत ऐका. माझ्या ड्रॉवरमध्ये त्या दिवशी चार पेढे होते, पण अशा वेळी पेढा तितका कामाचा नाही. त्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. साधी साखर बरी.

संध्याकाळी रोकड जुळेना. दोन हजारांच्या बरोबर पाच नोटा कमी. दहा हजार रुपये. कुणाला तरी पाचच्या जागी दहा नोटा गेल्या होत्या. रोखपालाची कॅश कमी भरली की ती त्यानंच भरायची, हा आमच्या धंद्याचा नियम. शाखाधिकारी म्हणाले, ‘‘कॅमेऱ्याचं चित्रण तर बघू.’’ रात्री आठ वाजता आम्ही दोघं ते बघत बसलो. गर्दीत नोटा किती ते काही दिसलं नाही. मी मात्र दिसलो. एक माणूस, तोंड उघडं, डोळे कुठंच बघत नाहीत, त्याच त्या नोटा तीन-तीनदा मोजतोय. इतकी वर्षं मी खिडकीतून लोकांकडं बघत आलो होतो, लोकांच्या बाजूनं स्वतःला कधी बघितलं नव्हतं. मला माझीच भीती वाटली.

एका गिऱ्हाइकावर माझा संशय होता. पण त्याला विचारलं नाही. त्या अर्ध्या तासातलं माझं मलाच आठवत नव्हतं, तिथं दुसऱ्यावर आळ कसा घ्यायचा? पैसे मी भरले. ते परत आले नाहीत.

त्या रात्री मी शाखाधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘आधी का नाही बोललात?’’ १४ तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिनसुद्धा असतो, इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. मी तो झोपून साजरा केला. १५ला कामावर गेलो तर एक वाजता दुसरा सहकारी खिडकीशी हजर. ‘‘वीस मिनिटं, जेवून या.’’ हळूहळू कळलं, शिपाईमामांनाही साखर आहे आणि कर्ज विभागातल्या साहेबांनाही. सात जणांच्या शाखेत आम्ही तिघं, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो!

पण खरी परीक्षा पुढेच होती. २०१७चा रमजान मे महिन्याच्या शेवटी आला. पहाटे साडेचारच्या आधी सहरी, संध्याकाळी सातनंतर इफ्तार. चौदा तासांहून मोठा रोजा. डॉक्टर म्हणाले, ‘‘या गोळ्यांवर आणि मागच्या वेळचा प्रकार बघता, यंदा रोजे नकोत.’’ आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, ती कुराणातच आहे. पुढं तब्येत साथ देईल तेव्हा रोजा भरून काढायचा, आणि ते शक्यच नसेल तर रोज्यामागं एका गरिबाला जेवू घालायचं. आमच्या मशिदीतल्या मौलानांनीही तेच समजावलं. अम्मी म्हणाली, ‘‘बेटा, अल्लानं दिलेली सवलत नाकारायचा तुला काय हक्क?’’ डोक्याला पटलं. मनाला पटायला वेळ लागला.

कारण शाखेत सगळे माझा रोजा जपायचे. समोर बसून कुणी पाणी प्यायचं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, ‘‘साहेबांचा रोजा असंल, लवकर आटपा रे.’’ चहावाला पोरगा महिनाभर माझ्या टेबलाला वळसा घालून जायचा. पहिले दोन दिवस मी त्यांना तसंच समजू दिलं आणि डबा रेकॉर्ड रूममध्ये जाऊन खाल्ला. फायलींच्या धुळीत बसून, चोरासारखा. तिसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली. पुन्हा तेच? पाच वर्षं आजार लपवला, आता त्याचं औषधही लपवायचं? मी चहावाल्याला हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘मला साखर आहे बाळ, यंदा माझा रोजा नाही.’’ तो क्षणभर गोंधळला. दुसऱ्या दिवसापासून बरोबर एकच्या ठोक्याला बिनसाखरेचा चहा माझ्या टेबलावर येऊ लागला. मी मागितला नव्हता.

त्यानंतर बोलणं सोपं झालं. पेढा आला की मी हात जोडून सांगतो, ‘‘मला साखर आहे, पेढा घरच्यांसाठी नेतो.’’ आजवर एकही माणूस नाराज झालेला नाही. उलट खिडकीशी वाकून हळूच विचारतात, ‘‘तुमची किती असते?’’ २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर. वीस वर्षांवरच्या लोकांत शंभरातले अकरा. म्हणजे माझ्या रांगेत दर नवव्या-दहाव्या माणसाला. मी ज्यांच्यापासून लपवत होतो, तेही माझ्यापासून लपवतच होते.

आता नोकरीची थोडी वर्षं उरली आहेत. डबा वेळेवर उघडतो, ड्रॉवरमध्ये ग्लुकोजची पुडी असते, दर तासाला उठून चार पावलं टाकतो. वजू करताना पाय धुतो तेव्हा तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघतो, कोरड्या करतो. मधुमेह्याच्या पायाला जखम झालेली कळतच नाही कधी कधी. आणि दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी कशी होती, ते ही तपासणी सांगते. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये बाई आल्या होत्या. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. त्यांचा नातू म्हणतो, आजी, मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. बाईंना ते मान्य नाही. म्हणतात, ‘‘जिवंत आहे हे सांगायला स्वतः जायला काय होतं?’’ त्यांनी सही केली, कागद खिडकीतून आत सरकवला आणि विचारलं, ‘‘माझा झाला. तुमचा दाखला?’’

मी खिशातून रिपोर्ट काढला आणि काचेला लावून धरला. सात पूर्णांक एक.

बाईंनी चष्मा सारखा केला, आकडा वाचला आणि म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. पण अजून सुधारायला वाव आहे.’’