रस्ता कुणाचा वेळ वाचवतो?

(बसवनगुडी, बंगळुरू येथे मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा संपादित मजकूर)



आपण इथे जमलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहोत. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार या विषयांवर आपण वाचतो, बोलतो. महामार्ग हा विषय मात्र आपण इंजिनिअर आणि कंत्राटदारांवर सोडून दिलेला असतो. तरीही रोजचे दोन-तीन तास आपण रस्त्यावर घालवतो, आणि आपल्यातल्या कित्येकांची घरं रस्त्यामुळे हललेली आहेत. म्हणून आज मला एवढंच विचारायचं आहे : महामार्ग बांधताना वेळ वाचणार असं सांगतात, तो कुणाचा वाचतो आणि कुणाचा जातो?

सुरुवात आपण बसलो आहोत त्या जागेपासून करू. बसवनगुडी ही १८९० च्या दशकात आखलेली वसाहत. १८९८ मध्ये बंगळुरूत प्लेग आला आणि जुन्या पेठेतल्या दाटीतून बाहेर पडण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरमला वेग आला. रुंद रस्ते, मोकळी हवा, आणि ब्लॉक पाडताना जात-समाजाचा विचार. आज हा भाग शहराच्या मध्यात आहे, मेट्रो दाराशी आहे. इथे घर असलेल्याला महामार्गाची रोज गरज पडत नाही. गरज पडते ती ज्याला इथे घर मिळत नाही त्याला. मी केंगेरीच्या पलीकडे भाड्याने राहते. कारण विचाराल तर दोन : भाडं आणि आडनाव. या शहरात खोली शोधताना 'नॉनव्हेज खाता का?' हा प्रश्न तुम्हालाही आलेला आहे. तो प्रश्न टाळत टाळत आपण शहराच्या कडेला पोहोचतो. तिथून कामाला यायला रस्ता लागतो, आणि तो रस्ता आपल्याला विचारून बांधलेला नसतो.

आता बंगळुरू-म्हैसूर महामार्ग घ्या. राष्ट्रीय महामार्ग २७५. सुमारे ११८ किलोमीटर, खर्च सुमारे ८,४८० कोटी रुपये. १२ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झालं. तीन तासांचा प्रवास ७५ मिनिटांवर येणार, असं सांगितलं गेलं. मधे सहा पदरी मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड, आणि बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण या गावांना बाहेरून वळसा.

उद्घाटनानंतर दोनच दिवसांनी टोल सुरू झाला. केएसआरटीसीने तो प्रवाशांवर टाकला; साध्या बसच्या तिकिटावर १५ रुपये वापरशुल्क आलं. पुढे जूनमध्ये कर्नाटकात 'शक्ती' योजना आली आणि साध्या बसमध्ये बायकांचा प्रवास मोफत झाला, तेव्हा निम्म्या प्रवाशांना दिलासा मिळाला. तो रस्त्याने दिलेला नव्हता, राज्याच्या कल्याणकारी योजनेने दिला.

मग १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि बिनइंजिनाची वाहनं यांना बंदी झाली. कारण अपघात. हे कारण खोटं नाही. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाड्यांमध्ये स्कूटर चालवणं जिवावरचं आहे, आणि त्या रस्त्यावर पहिल्या काही महिन्यांतच खूप माणसं गेली. पण बंदीनंतर स्कूटरवाल्याने जायचं कुठून? सर्व्हिस रोडने. आणि सर्व्हिस रोड सलग नाही, रेल्वेरूळ आणि पुलांपाशी तुटतो, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती.

देशात नोंदणी झालेल्या वाहनांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. बिडदीच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, रामनगरहून येणारी नर्स, वायरमन, कुरिअरवाला, हे सगळे दुचाकीवर असतात. म्हणजे ७५ मिनिटांचं गणित मांडलं गेलं ते चारचाकीसाठी. हे फक्त कर्नाटकात नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, तिन्हींवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. आपल्या कराच्या पैशातून किंवा सरकारच्या हमीवर उभा राहणारा रस्ता आपल्या घरातलं एकमेव वाहन आत घेत नाही. प्रत्येक ठिकाणी सुरक्षिततेचं कारण असेलही. मग पर्यायी रस्ता आणि बस आधी तयार करणं हा त्याच प्रकल्पाचा भाग का नसतो?

पायी जाणाऱ्याचं काय? जुन्या रस्त्यावर बस गावाच्या तोंडाशी थांबायची. आता मधे कुंपण आहे. पलीकडच्या शेतात किंवा शाळेत जायला भुयारी मार्गापर्यंत चालत जायचं आणि पलीकडे तेवढंच परत यायचं. लोक कुंपण तोडून ओलांडतात आणि मरतात. पादचारी पूल नंतर मंजूर होतात. हा नंतरचा काळ कुणाच्या तरी आयुष्यातला असतो. मंड्याला थांबणारी बस जुन्या रस्त्याने जाते, विनाथांबा बस बाहेरून. चन्नपट्टणची लाकडी खेळण्यांची दुकानं, मद्दुरची वड्याची हॉटेलं जुन्या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर चालत होती. ते गिऱ्हाईक आता वरच्या वर निघून जातं, आणि त्यासोबत तिथे भांडी घासणाऱ्या बाईचा रोजगारही जातो.

आता वळणरस्ता जातो कुठून ते बघा. बायपास गावाबाहेरून जातो. आणि गावाबाहेर कोण राहतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या आपली वस्ती गावकुसाबाहेर ठेवली गेली. शेजारी गायरान. महाराष्ट्रात दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यातून आणि नंतरच्या लढ्यांतून लोक गायरान कसू लागले. पण कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर सगळीकडे लागलं नाही. महामार्गाची मोजणी येते तेव्हा सातबारा ज्याच्या नावावर, मोबदला त्याला. गायरान सरकारचं, म्हणून सरकारकडून सरकारला. वीस वर्षं कसणारा माणूस यादीत 'अतिक्रमणधारक' म्हणून उरतो.

खरं तर कायदा इतका आंधळा नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीनमालकासोबत शेतमजूर, कूळ आणि कारागीरही येतात. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्यांची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर असायला हवी. २०१५ मध्ये केंद्राच्या आदेशाने या कायद्यातल्या मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाल्या. म्हणजे बांधावर मजुरी करणारी आपली मावशी कायद्याने बाधित असू शकते. तिचं नाव यादीत घालायला कुणी जात नाही, तिथे अडतं.

शेतातून शहरात या. तिथे सातबाऱ्याच्या जागी झोपडीचा पुरावा येतो. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून आहे. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक याच महामार्गावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. तेव्हा बचावासाठी सांगितलं गेलं ते महामार्गावरच्या धोक्याचं, पेटवल्या जाणाऱ्या टँकरचं. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवलं.

आज त्याच वस्तीसमोर पुन्हा महामार्ग आहे. पूर्व मुक्त मार्ग छेडानगरपासून ठाण्यापर्यंत सुमारे १४ किलोमीटर वाढवला जातो आहे, आणि त्यासाठी रमाबाई नगर आणि कामराज नगरचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. सुमारे १६,५०० झोपड्यांचा हा प्रकल्प आहे. जमेची बाजू अशी की पुनर्वसन त्याच जागी ठरलं आहे आणि ३०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे. लोकांना ते हवंही आहे. गळक्या छपराखाली राहण्याची हौस कुणालाच नसते.

प्रश्न आहे तो मधल्या काळाचा आणि यादीचा. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत, २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून, त्यानंतरची असेल तर अपात्र. नेहमीच्या नियमांत तळमजला धरला जातो. पोटमाळ्यावर राहणारं दुसरं कुटुंब मोजलं जात नाही. इमारत उभी राहीपर्यंत भाडं मिळतं, पण हजारो कुटुंबं एकाच वेळी आसपास खोली शोधू लागली की भाडी चढतात. मग कुणी कल्याणपुढे जातं. मुलीची शाळा घाटकोपरला, आईची धुणीभांडी घाटकोपरला, आणि घर तिथून दीड तासावर. भाड्याच्या धनादेशात हा दीड तास धरलेला नसतो.

मुंबईने हे आधी पाहिलं आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज होतं. विस्थापितांना मानखुर्दसारख्या ठिकाणी हलवलं जात होतं. तेव्हा बाधित दुकानदार आणि रहिवासी यांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी पॅनेलकडे लेखी तक्रारी केल्या. २००५ च्या अखेरीस पॅनेलने पुनर्वसनातल्या त्रुटी नोंदवल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनासाठीचे पैसे काही महिने थांबवले. मोर्चाइतकाच तिथे अर्ज कामाला आला.

म्हणून आपल्यासारख्यांकडून मला तीन कामं हवी आहेत. पहिलं, राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस असतात. ती अधिसूचना आपल्या तालुक्यात कुणी वाचतं का, ते पाहा. वाचून वस्तीत सांगा. दुसरं, झोपडपट्टी पुनर्वसनात परिशिष्ट-२ ही पात्रतेची यादी असते. ज्या घरात शिकलेलं कुणी नाही, तिथे तुम्ही बसा, वीजबिल, मतदार यादी, शिधापत्रिका लावून द्या. तिसरं, प्रकल्प अहवालात बसथांबे, पादचारी पूल आणि सर्व्हिस रोड कुठे आहेत, ते माहितीच्या अधिकारात मागा, आणि रस्ता सुरू व्हायच्या आधी मागा.

आणि स्वतःसाठीही एक. आपल्यातले काही जण आता कर्ज काढून घर घेणार आहेत. 'महामार्गापासून ५ मिनिटं' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते गाडीचं माप आहे. सही करण्याआधी एकदा आईला घेऊन तिथून बसने कामाच्या वेळेला या. शेवटची बस किती वाजता आहे, रस्ता कुठून ओलांडायचा, हे ती तुमच्याआधी विचारेल. आणि रस्ता आखणाऱ्यांनी ते आपल्या वस्तीत कधीच विचारलेलं नाही.

जय भीम.