कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेले भाषण)



पन्नाशीच्या बाईपुढे व्यायाम हा शब्द उच्चारला की बहुधा एकच उत्तर मिळते : "दिवसभर राबते ते काय कमी आहे? वेगळा व्यायाम कशाला?" या उत्तरात थकवा आहे, अभिमान आहे आणि एक गैरसमजही आहे. थकवा खरा आहे आणि अभिमान रास्त आहे. परंतु गैरसमजाची किंमत त्या बाईलाच पुढली पंचवीस-तीस वर्षे मोजावी लागते. म्हणून प्रथम त्याचाच विचार केला पाहिजे.

हा गैरसमज केवळ अडाणीपणातून आलेला नाही. १९५३ साली ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. हालचाल हृदयाला तारते, हे त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आले. पण त्यावरून "जो राबतो तो निरोगीच" असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरले. अलीकडच्या काळात विशेषतः डेन्मार्कमध्ये झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की, फावल्या वेळात स्वेच्छेने केलेल्या व्यायामाचे लाभ पोटासाठी केलेल्या जड अंगमेहनतीतून तसेच्या तसे मिळत नाहीत; काही वेळा उलट अपायच होतो.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. व्यायाम थोडा वेळ चालतो, त्याचा भार हळूहळू वाढवता येतो, आणि त्यानंतर विश्रांती असते. स्नायू व हाडे या विश्रांतीतच बळकट होतात. मजुरीत यांपैकी काहीच नसते. खुरपणी करणारी बाई आठ तास कमरेत वाकलेली असते. विडी वळणारी मांडी घालून मान खाली घालून बसलेली असते. धुणीभांडी करणारीचे मनगट आणि खांदे झिजतात, मांड्यांना मात्र पुरेसे काम मिळत नाही. एकच सांधा वर्षानुवर्षे राबतो आणि बाकीचे शरीर दुर्बळ राहते. भार किती आणि थांबायचे केव्हा, हे ती बाई ठरवीत नाही. मुकादम ठरवतो, मालकीण ठरवते किंवा चुलीवरचे भांडे ठरवते. जात्यावर दळणाऱ्या आज्या कशा काटक होत्या, असे कौतुकाने सांगितले जाते. त्याच आज्या साठीत कमरेतून वाकून, काठी टेकीत चालत होत्या, याचाही विसर पडू नये.

चाळिशीनंतर या प्रश्नाला नवी धार येते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. पाश्चात्य देशांत तिचे सरासरी वय एक्कावन्नच्या आसपास, तर भारतात सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. म्हणजे भारतीय स्त्रीच्या वाट्याला हा बदल चार-पाच वर्षे आधीच येतो. बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि त्यासरशी हाडांची झीज वेगाने सुरू होते; पहिल्या पाच-सात वर्षांत ती सर्वाधिक असते. स्नायू घटतात, पोटावर चरबी साठते, रक्तदाब व रक्तातील कोलेस्टेरॉल वाढू लागते, झोप मोडते, सांधे आखडतात. हृदयविकार हा पुरुषांचा रोग ही समजूत येथे फोल ठरते.

ज्यांना निसर्गाने ठरविलेल्या वेळेचीही मुभा मिळाली नाही, अशा बायकाही महाराष्ट्रात थोड्या नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ साली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले होते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ते ठेवले, तरी ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. तिशी-पस्तिशीत हाडांचे संरक्षण गमावलेल्या बाईने डोक्यावर उसाची मोळी वाहावी आणि त्यालाच तिचा व्यायाम म्हणावे, ही क्रूर थट्टा होय.

तर मग व्यायाम कोणता करावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. तो मोजण्यास घड्याळ किंवा यंत्र लागत नाही.

बहुतेक बायका येथेच थांबतात, कारण चालणे म्हणजेच व्यायाम असे त्यांना सांगण्यात आलेले असते. चालण्याने हृदयाला फायदा होतो; हाडांना आणि स्नायूंना मात्र तेवढे पुरत नाही. त्यांना भार हवा. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात हाडे विरळ झालेल्या सुमारे शंभर स्त्रियांवर एक प्रयोग झाला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय पासष्टच्या घरात होते. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. आठ महिन्यांनी या गटात कण्याच्या हाडांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती सुमारे एका टक्क्याने घटली. इजा अगदी क्वचित झाली. यावरून कोणी उद्याच पोते उचलावे असे नव्हे. त्या स्त्रियांना आधी तंत्र शिकविले होते आणि वजन पायरीपायरीने वाढविले होते. पण "या वयात जड उचलू नये" हा सरसकट उपदेश शास्त्राला धरून नाही, एवढे निश्चित.

आरंभ घरातच करता येतो. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सावकाश उठणे व बसणे; भिंतीला हात टेकून दंड काढणे; उभ्याने टाचा उचलणे; पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणे; लिटरभर पाण्याची, म्हणजे एक किलोची, बाटली खांद्यावरून वर नेणे. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बारा वेळा सहज होऊ लागले की भार वाढवावा. भार वाढविला नाही तर शरीर तेथेच थांबते. शिवाय भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सावरण्याचा सराव रोज करावा. पुढील वयात खुब्याचे हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे, आणि तोल साधलेला माणूस कमी पडतो.

आणखी एका व्यायामाचा उल्लेख संकोच बाजूला सारून केला पाहिजे. खोकताना किंवा हसताना लघवी निसटते म्हणून अनेक बायका चालायला जाणे, सभेला येणे, एस.टी.चा प्रवास करणे सोडून देतात आणि हे कोणालाही सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लघवी रोखताना आवळतात तसे आवळून काही क्षण धरणे व सोडणे, हा व्यायाम अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. तो बसल्या जागी होतो, कोणाला दिसत नाही, आणि दोन-तीन महिने नियमाने केल्यास बहुतेकींना गुण येतो.

आता सावधगिरीविषयी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सत्तावन्न टक्के रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातील प्रमाणही निम्म्याहून अधिक आहे. पाळी जाण्याच्या काळात अतिरक्तस्राव झाला तर त्यात भर पडते. तेव्हा थोड्या श्रमाने धाप लागत असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त व रक्तदाब तपासून घ्यावा. रक्तदाब जास्त असलेल्या स्त्रीने वजन उचलताना श्वास कोंडू नये. जोर लावताना श्वास सोडावा. हाडे विरळ झाल्याचे निदान झाले असेल, तर कंबरेतून खोल पुढे वाकण्याची आसने, झटक्याचे पीळ आणि फुगडी टाळावी. छातीत दाब, जबड्यात वा हातात उतरणारी कळ, चक्कर किंवा वेगळीच धाप आल्यास तत्काळ थांबून डॉक्टर गाठावा. पाळी गेल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसले, तर ते कितीही थोडे असो, तपासणी लांबवू नये. स्नायू एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. सांधा सुजणे स्वाभाविक नाही.

व्यायामाविषयी खोटी आशाही दाखवू नये. अंगातून अचानक येणाऱ्या गरम वाफा व्यायामाने जातात, असा भक्कम पुरावा नाही. त्यांवर वेगळे उपचार आहेत आणि ते मागण्यात लाज नाही. अपुऱ्या आहारावर केलेला व्यायामही फळत नाही. सर्वांचे झाल्यावर उरलेली आमटी ओरपणाऱ्या बाईला डाळ, दूध, अंडी, नाचणी पोटभर मिळणे हा तिच्या व्यायामाचाच भाग आहे.

शेवटचा प्रश्न वेळेचा. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, आणि त्यात सहभागी होणारे पुरुष ८८ मिनिटे. मग बाईचा अर्धा तास येणार कोठून? तो तिच्या झोपेतून काढायचा असेल, तर व्यायाम हे तिच्यावर लादलेले आणखी एक कामच ठरेल. तो पुरुषाच्या वाट्यातून आला पाहिजे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुली मुलांच्या बरोबरीने कवायत आणि लेझीम करीत आल्या. त्यांतील किती जणींनी लग्नानंतर पुन्हा मैदान पाहिले, हा प्रश्न चळवळीतील पुरुष कार्यकर्त्यांनी आपापल्या घरात विचारून पाहावा. समतेवर व्याख्यान देऊन रात्री आयत्या ताटावर बसणाऱ्याला तो विशेष लागू आहे.

उरलेली मागणी नगरपालिकेकडे आणि ग्रामपंचायतीकडे आहे. चालता येईल असा पदपथ, पहाटे व संध्याकाळी पेटणारे दिवे, बायकांसाठी राखलेली मैदानातील वेळ आणि स्वच्छ, विनामूल्य मुतारी. मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी मुतारीच्या हक्कासाठी मोहीम चालविली, तेव्हा अनेकांना हसू आले होते. परंतु जिला घराबाहेर लघवीची सोय नाही, तिला दीडशे मिनिटांचा उपदेश करण्यात अर्थ नाही.

पन्नाशीच्या बाईला समाज "आता तुझे काय राहिले" असे म्हणतो. तिच्यापुढे आयुष्याचा तिसरा हिस्सा शिल्लक असतो. तो तिने स्वतःच्या पायांवर चालत काढावा की दुसऱ्याच्या आधाराने, हे पुष्कळ अंशी या दहा वर्षांत ठरते. म्हणून प्रत्येक शाखेने आठवड्यातून दोन संध्याकाळी बायकांच्या व्यायामासाठी राखून ठेवाव्यात, आणि त्या वेळात स्वयंपाकघरात कोण उभे राहणार, याची यादी पुरुष सभासदांनी आधी फलकावर लावावी.